अहो, मिस्टर हॉब्ज

निशिकांत मुंडले यांनी आयुष्यात घोडा जवळून पाहिला तो एकदाच, महाबळेश्वरला, आणि तोही भाड्याचा. त्यावर बसायचं धाडस काही त्यांना झालं नाही. असा हा माणूस सिंगापुरात, तोआ पायोहच्या एका जुन्या इमारतीत, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, रोज चहानंतर अमेरिकेच्या माळरानावर घोडे दौडवायचा आणि हिमवादळात वाट चुकलेल्या नवऱ्याला बायकोच्या हाकेसरशी घरी आणायचा, हे कुणाला सांगून पटलं नसतं. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांना तर मुळीच नाही.

ऑफिस जहाज कंपनीचं. ज्या भागाला आता हार्बरफ्रंट म्हणतात तिथे, बंदराला लागून, निशिकांतरावांनी उभा जन्म एकाच खात्यात काढला. बोटीवरून आलेला माल भिजला, फुटला, नाहीतर वाटेत गडप झाला, की चूक कुणाची यावर इंग्रजीत पत्रं लिहायची. माल नेमका कुठल्या बंदरात, कुणाच्या हातून गेला हे ते बसल्या जागी शोधून काढत. पत्रं अशी लिहीत की वाचणाऱ्याचा तिळपापड व्हावा, पण बोट ठेवायला जागा सापडू नये. बोलणं मात्र मोजून मापून. महाराष्ट्र मंडळात त्यांच्याबद्दल म्हणत, की मुंडल्यांच्या तोंडून शब्द हवा असेल तर आधी अर्ज करावा लागतो.

सुचित्राबाई अगदी उलट. माहेर वाईचं, जीभ तिखट, आणि हसायला कारण लागत नसे. लग्न सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. मुलगा सुट्टीवर आला, अर्धा तास मुलगी पाहिली, आठ दिवसांत लग्न लागलं आणि नवरदेव नोकरीवर हजर व्हायला परत गेले. बायको चार महिन्यांनी आली, एक ट्रंक आणि लोणच्याची बरणी घेऊन. पाया लेबारच्या विमानतळावर ती नवऱ्याच्या अंगावरून सरळ पुढे निघून गेली. “लग्नात मुंडावळ्या होत्या, फोटोत टाय होता. इथे नुसताच माणूस उभा,” असं ती पुढे वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगायची आणि निशिकांतराव दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसायचे.

दर शनिवारी सुचित्राबाई मंडळाच्या मुलांना मराठी शिकवायच्या. सिंगापूरच्या शाळेत वाढलेली ती पोरं, त्यांना सगळं जग एका 'यू'मध्ये मावलेलं. “आजोबा, तू कम लाह,” असं एकाने म्हटलं तेव्हा बाईंनी त्याला उभं करून सांगितलं, “आजोबांना तुम्ही. काकांना तुम्ही. पाहुण्यांना तुम्ही. तू म्हणायचं ते आईला, देवाला आणि मांजराला.” या एका शब्दापायी त्यांनी जिवाचं रान केलं. स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. त्यांची मुलगी ऋचा बापाला खुशाल अरे-तुरे करायची, कितीही कान उपटले तरी. “बाबाला कसलं तुम्ही?” म्हणायची. निशिकांतरावांना ते आवडायचं, पण बायकोसमोर तसं कबूल करण्याइतके ते भोळे नव्हते.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी सुचित्राबाईंच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली. मोतीबिंदू, एकापाठोपाठ एक. काळा चष्मा लावून बसून राहायचं, वाचायचं नाही, टीव्ही पाहायचा नाही. वाचल्याशिवाय त्या बाईचा दिवस जात नसे. मंडळाच्या कपाटातली मराठी पुस्तकं तिने कधीच संपवली होती, काही दोनदा. निशिकांतराव तोआ पायोहच्या लायब्ररीत गेले. तिथे जुनी पुस्तकं काढून टाकायला मांडली होती. त्यांनी हाताला लागतील ती चार-पाच उचलली आणि घरी येऊन पाहतात तर त्यातलं एक भलतंच निघालं. कव्हर अर्धं फाटलेलं, उरलेल्या अर्ध्यावर छाती उघडी टाकलेला एक गडी, त्याच्या दंडावर रेललेली बाई आणि मागे तांबडंलाल आभाळ.

“काय आहे?” सुचित्राबाईंनी विचारलं.

“इतिहास,” निशिकांतराव म्हणाले. “अमेरिकेचा.”

अगदीच खोटं नव्हतं ते. गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची. डाकोटाच्या उजाड माळावर एझ्रा हॉब्ज नावाचा माणूस एकटाच राहतो. मातीची ढेकळं रचून बांधलेलं घर, दोन घोडे, एक गाय आणि मैलोन्‌मैल गवत. तो पूर्वेकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात देतो, बायको पाहिजे. बॉस्टनमध्ये शिवणकाम करून पोट भरणारी मार्था ती वाचते, होकार कळवते, आणि एक पेटी घेऊन कधी न पाहिलेल्या माणसाशी संसार करायला आगगाडीत बसते.

“म्हणजे माझीच गोष्ट की ही,” काळ्या चष्म्याआडून सुचित्राबाई म्हणाल्या. “फक्त घोडे नाहीत. वाचा पुढे.”

बायकोला इंग्रजी कळायचं, पण बाजारापुरतं. म्हणून निशिकांतराव डोळ्यांनी इंग्रजी वाचत आणि तोंडाने मराठी बोलत. जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढण्यात झिजलेली ही जीभ अशी मोकळी सुटेल हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. शेरीफचा त्यांनी फौजदार केला. डुकराचं मांस आणि बीन्स आले की घेवड्याची उसळ. हॉब्जच्या घरी रोज भाकरी होऊ लागली. चार दिवसांत सगळं डाकोटा शाकाहारी झालं आणि सदाशिव पेठेतलं मराठी बोलू लागलं.

आणि मग गाडी अडली. मार्था स्टेशनावर उतरते, समोर हॅट हातात धरून एझ्रा उभा. ती त्याला पहिलं वाक्य बोलते.

“थांबा,” सुचित्राबाई म्हणाल्या. “ती काय म्हणते त्याला? तू का तुम्ही?”

“इंग्रजीत दोन्हींना एकच असतं.”

“इंग्रजीत असू दे. मराठीत काय म्हणते?”

निशिकांतरावांनी पान वरखाली पाहिलं. पानात उत्तर नव्हतं. “मिस्टर हॉब्ज म्हणते.”

“मग तुम्हीच. नवऱ्याला कुठली बाई पहिल्याच दिवशी तू म्हणेल?”

तेव्हापासून मार्था बोलायची ती “अहो, मिस्टर हॉब्ज” अशी. अहो मिस्टर हॉब्ज, भाकरी झाली. अहो मिस्टर हॉब्ज, घोडा लंगडतोय. सुचित्राबाई खुदुखुदु हसायच्या आणि घरात नवऱ्याला तीच हाक मारायच्या, “अहो मिस्टर हॉब्ज, दूध उतू जातंय.”

पुस्तकाच्या मध्यावर ते हिमवादळ येतं. घरापासून गोठ्यापर्यंत हॉब्जने दोर बांधून ठेवलेला असतो, वादळात हाताला धरून यायला. तो नेमका तुटतो. मार्था दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात उभी राहते आणि पातेलं बडवत हाका मारत राहते. आधी मिस्टर हॉब्ज, मिस्टर हॉब्ज. मग घसा बसत येतो तशी नुसतीच, “एझ्रा!” जन्मात पहिल्यांदा. आणि त्या पांढऱ्या अंधारातून तो माणूस धडपडत येतो. मार्था त्याला धरते आणि बोलते.

निशिकांतराव थांबले. पुढचं वाक्य अगदी साधं होतं, तीन शब्दांचं. ते म्हणाले, “एझ्रा, आलास तू.”

सुचित्राबाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाल्या, “तू म्हणाली?”

“हो.”

“मरता मरता वाचला म्हणून?”

“नाही. तिला तसं वाटलं म्हणून.”

“हं.”

आणि मग, अर्ज केल्याशिवाय शब्द न देणारा तो माणूस, पुस्तक मिटून म्हणाला, “तू म्हणून बघ की मला. एकदा.”

सुचित्राबाई इतक्या हसल्या की चष्मा नाकावरून घसरला. “काहीतरीच तुमचं. या वयात माझी जीभ वळणार आहे का? मंडळात कळलं तर पोरं मला वर्गात उभी करतील.” निशिकांतरावही हसले. विषय संपला.

पण त्यांनी ते गमतीने विचारलं नव्हतं. आई जाऊन वीस वर्षं झाली होती. थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. शाळेतला मित्र शिरीष पत्रातून “अरे निश्या” लिहायचा, तोही गेल्या दिवाळीत गेला. माणूस म्हातारा होतो म्हणजे काय होतं, तर त्याला तू म्हणणारी माणसं एकेक करून संपतात. लेक म्हणते, पण लेकीचं तू वेगळं. आपल्याला तरुणपणी ओळखणाऱ्या कुणीतरी एकदा तू म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. आता ते म्हणू शकेल असं एकच माणूस जगात उरलं होतं, आणि त्याची जीभ वळत नव्हती. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

डोळे बरे झाले तरी वाचन चालूच राहिलं. बाकीची पुस्तकंही झाली, पण सुचित्राबाई अधूनमधून म्हणायच्या, ते माळावरचं घ्या हो. दोन-अडीच वर्षं अशी गेली. मग आमटीत मीठ दोनदा पडू लागलं. मग पडेनासं झालं. शनिवारच्या वर्गात त्या फळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि समोरच्या मुलांपैकी एकाचंही नाव त्यांना आठवेना. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि ऋचाला बाजूला घेऊन सांगितलं. ऋचाने बापाला सांगितलं ते अर्धं इंग्रजीत, कारण मराठीत म्हणायला तिला जड गेलं.

ऋचा बुकित तिमाहला एका खासगी काँडो संकुलात राहायची, बँकेत नोकरी, दर शनिवारी आईकडे येणं. एके शनिवारी ती दार उघडून आत आली तशी सुचित्राबाई खुर्चीतून अदबीने उठल्या. “या ना, बसा. चहा घेणार का तुम्ही?”

ऋचा चपलांच्या रॅकपाशीच खाली बसली. “बाबा,” ती म्हणाली, “आई मला तुम्ही म्हणाली.”

ज्या शब्दासाठी त्या पोरीचे कान लहानपणी लाल झाले होते, तोच तिच्या वाट्याला असा आला. निशिकांतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुचित्राबाई मात्र पाहुणीसाठी कपबशा मांडत होत्या, चांगल्यातल्या.

त्या दिवशी निशिकांतरावांच्या मनात लेकीचं दुःख होतं, पण खाली कुठेतरी एक चोरटा आनंदही होता. लेकीला विसरली, मला नाही विसरली. सकाळी डोळे उघडले की अजून हाक यायची, “अहो, उठलात का?” जेवताना, “अहो, तुम्हाला वाढू का?” शेजारपाजारची नावं गेली, बहिणीचं नाव गेलं, वाई गेली, पण अहो टिकून होतं. निशिकांतराव ते दिवसातून दहादा ऐकायचे आणि दर वेळी छातीवरचा दगड जरा हलका व्हायचा.

पुढच्या तपासणीत डॉक्टर लिम नावाच्या बाईंनी विचारलं, त्या तुम्हाला ओळखतात ना?

“अर्थात,” निशिकांतरावांनी इंग्रजीत सांगितलं. “ती मला अहो म्हणते.”

“ते तुमचं नाव आहे?”

“नाव नाही.” त्यांना समजावणं कठीण गेलं. “आमच्यात बायको नवऱ्याला तसंच म्हणते. अहो म्हणजे नवरा.”

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि समाधानाने काहीतरी टिपून घेतलं. अहो म्हणजे नवरा, हे सांगणाऱ्या माणसाने जन्मभर शब्दांचा कीस काढला होता. रस्त्यात कुणा परक्याची छत्री पडली तर त्यालाही मराठी बाई अहो म्हणूनच थांबवते, हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. आठवायचं नव्हतं म्हणा.

वाचन आता एकाच पुस्तकाचं. माळावरचं संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. सुचित्राबाईंना मार्था दर वेळी नवी होती, ती स्टेशनावर उतरली की त्या पदर सावरून बसायच्या. निशिकांतरावांना आता पान पाहावं लागत नसे. हिमवादळ आलं की “एझ्रा, आलास तू” म्हणताना ते हळूच बायकोकडे पाहायचे. ती दाराकडे पाहत असायची.

असंच एकदा नळ दुरुस्त करायला माणूस आला होता, तमिळ, पिकल्या केसांचा. सुचित्राबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, चहा घेणार का तुम्ही?” त्याला काय कळणार, तो हसून मान डोलवून कामाला लागला. बाहेर बसलेल्या निशिकांतरावांनी ते ऐकलं. तोच आवाज, तोच हेल, शेवटचा 'का' तसाच वर उचललेला. त्यांना बरं वाटेना. ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते घडलं. हिमवादळ वाचून झालं होतं. खाली पोरं खेळत होती, समोरच्या इमारतीत बांबूंवर कपडे वाळत होते. सुचित्राबाई म्हणाल्या, “फार छान वाचता हो तुम्ही.”

“आवडलं?”

“हो. पण आता निघा हं. घरी वाट बघत असतील तुमची.”

निशिकांतराव हसले. पूर्वी अशा थट्टा चालायच्या. पण ती हसत नव्हती.

“आमचेही येतीलच आता,” सुचित्राबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत म्हणाल्या. “ऑफिस लांब आहे ना, बंदरावर. तेही मला वाचून दाखवतात. पण ते जरा घाईत वाचतात. तुमचं बरं आहे, निवांत.”

निशिकांतरावांनी पुस्तक मिटलं. मग रोजचं एकेक वाक्य मागे मागे जाऊन ते तपासू लागले. अहो, साखर किती घेता तुम्ही? हे ती रोज विचारायची, पस्तीस वर्षं ज्याला चहा दिला त्याला, आणि आपण समजलो साखर विसरली. अहो, बसा ना. आपल्याच घरात कुणी नवऱ्याला बसा म्हणतं? अहो, तुम्हाला उशीर होत नाही ना? ऋचाला तू सोडून तुम्ही म्हटलं तेव्हा ते जगाला ऐकू आलं. यांच्या बाबतीत शब्द बदललाच नाही. नवऱ्यालाही तुम्ही आणि परक्यालाही तुम्ही. त्याच शब्दाच्या आडून ती कधी निघून गेली ते त्यांना कळलं नाही.

एक वर्ष झालं असेल, की दोन? हरवलेला माल कुठल्या बंदरात गेला हे शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला बायकोच्या मनातून आपण कोणत्या दिवशी उतरलो ते सापडेना. तो दिवस कळला असता तर त्या दिवशी रडून तरी घेतलं असतं. तसा रडायचा दिवसही त्यांना मिळाला नाही. त्या संध्याकाळी ते रडले, पण ते उशिराचं रडणं.

ऋचाला सांगितलं तेव्हा तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला वाटलं तुला माहीत आहे, बाबा. वाटलं, तू ठरवूनच काही बोलत नाहीयेस.”

म्हणजे लेकीला माहीत होतं. निशिकांतरावांना तेही लागलं, पण ते कुणावर रागावणार? दुसऱ्या दिवशी चहानंतर त्यांनी पुस्तक घेतलं आणि खुर्ची ओढली. सुचित्राबाई म्हणाल्या, “आलात? या.” आणि ते पाहुण्यासारखे बसले. रोज वाचायचं, छान वाचता हो ऐकायचं, मग “निघतो” म्हणून उठायचं आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसायचं. थोड्या वेळाने बाहेर आलं की ती पुन्हा म्हणायची, “या.” पाहुणचारात मात्र कधी कमी पडली नाही. वाईची ना ती.

दोन हजार आठच्या ऑगस्टमधला एक शनिवार. ऋचा स्वयंपाकघरात पपई कापत होती. वाचन संपलं, मार्थाने एझ्राला घरात घेतलं. सुचित्राबाई कधी नव्हे ते पुढे झुकल्या. त्या दिवशी त्यांचं बोलणं लख्ख होतं, पूर्वीसारखं.

“तिचं बरं आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणून टाकलं. मला नाही जमलं.”

“काय नाही जमलं?”

“तू म्हणायला. आमच्या ह्यांनी एकदा मागितलं होतं माझ्याकडे. कधी काही न मागणारा माणूस. मी आपली हसले दात काढून. त्यांचा चेहरा असा उतरला, आणि मग तेही हसले. मी बघितलं ना ते. काळ्या चष्म्यातून काय दिसत नाही होय?”

निशिकांतराव म्हणाले, “मग म्हणायचं होतं नंतर कधीतरी.”

“लाज वाटली हो. एवढी वर्षं अहो-जाहो केलं, आता एकदम कसं?” त्या स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुम्ही परके म्हणून सांगते. मनात मी त्यांना अरे-तुरेच करते. पहिल्यापासून. निशी म्हणते. निशी, तो शर्ट नको घालूस. निशी, किती घोरतोस रे. दिवसभर तो ऑफिसात असतो ना, मी इथे एकटी त्याच्याशी बोलत असते. त्याला काही पत्ताच नाही.”

बोलता बोलता 'त्यांना'चं 'तो' झालं होतं आणि तिच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. निशिकांतराव सगळं ऐकत होते. बासष्टाव्या वर्षी त्या माणसाने जे मागितलं होतं ते आता त्याच्या हातात येत होतं, आणि घ्यायला तो तिथे नव्हता.

“सांगा ना त्याला,” ते म्हणाले.

“आज सांगते.” सुचित्राबाईंनी मान हलवली, वर्गात हलवायच्या तशी, ठाम. “आज आला की सांगते. येईलच आता.”

निशिकांतराव उठले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी कपाट उघडलं. पांढरा शर्ट, राखी पँट, पट्टा. ऑफिसची काळी बॅग वरच्या फळीवर होती, ती काढून फडक्याने पुसली. बूट घालायला वेळ लागला, पाय आता सुजायचे. ते बाहेर आले तेव्हा ऋचा बशी हातात घेऊन उभी होती.

“बाबा, कुठे निघालास तू?”

“ऑफिसातून येतो,” निशिकांतराव म्हणाले.

तिने त्यांच्या शर्टाकडे, बॅगेकडे पाहिलं. मग बशी घेऊन आईजवळ जाऊन बसली.

त्या इमारतीची लिफ्ट अजून जुन्या पद्धतीची होती, सगळ्या मजल्यांवर थांबायची नाही. पाचवा आणि नववा, मधल्यांनी जिना गाठायचा. इतकी वर्षं ऑफिसातून येताना निशिकांतराव नवव्यावर उतरून दोन मजले खाली यायचे, आणि बुटांचा आवाज ऐकून सुचित्राबाई घंटी वाजायच्या आधीच दार उघडायच्या. ते आज तळमजल्यापर्यंत गेले. व्हॉइड डेकवर, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, दोन म्हातारे पटावर सोंगट्या सरकवत होते, त्यातल्या एकाने हात केला. निशिकांतरावांनी शर्ट नीट खोचला, केसांवरून हात फिरवला, आणि पुन्हा वर निघाले. हा वेडेपणा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलगी पाहायला वाईला गेले होते तेव्हाही छातीत इतकं धडधडलं नव्हतं.

नवव्यावर उतरून ते पायऱ्या उतरू लागले, मुद्दाम पाय वाजवत. शेवटच्या वळणावर आले तर आतलं लाकडी दार उघडलेलं. जाळीच्या दरवाजाआड सुचित्राबाई उभ्या. केसांवरून पाणी लावून हात फिरवलेला, पदर खांद्यावर नीट घेतलेला, आणि चेहऱ्यावर वाट पाहणाऱ्या माणसाची सगळी उत्सुकता. आवाज ऐकून आल्या होत्या. बूट त्यांना आठवत होते.

निशिकांतराव समोर जाऊन उभे राहिले. बॅग डाव्या हातात, रोजच्यासारखी. सुचित्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, डोळ्यांत डोळे घालून. मग त्यांच्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे.

“अहो,” त्या म्हणाल्या, “जिन्यात आमचे हे दिसले का तुम्हाला?”

ऋचा त्यांच्या मागे तोंडावर हात धरून उभी होती.

“येतायत,” निशिकांतराव म्हणाले. “मागूनच येतायत.”

“तरी म्हटलं, पावलं वाजली.” सुचित्राबाईंनी कडी काढली आणि त्या जाळीबाहेर, व्हरांड्यात आल्या. त्यांच्या शेजारी उभं राहून मान उंच करून जिन्याकडे पाहू लागल्या. “आज मला बोलायचंय त्याच्याशी. तुम्ही पण थांबा ना जरा. आला की ओळख करून देते तुमची.”

निशिकांतराव थांबले.